ऐकू येणे आणि ऐकणे



आपण येथे ऐकावयास जमला आहात आणि आमचा आजचा विषयही ऐकणे हाच आहे. तेव्हा विषयाची आणि श्रोत्यांची गाठ आरंभीच पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत मोठा मार्मिक भेद करून ठेवला आहे. 'मला ऐकू येते' असे आपण म्हणतो, आणि 'मी ऐकतो' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात आपण काहीच करीत नाही. आवाज आपण होऊन कानाशी येतो. दुसऱ्या वाक्यात करणारे आपण असतो. याच क्रियापदाला तिसराही एक अर्थ आहे. 'आमचा बंडू मुळीच ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा तिची तक्रार बंडूच्या कानांविषयी नसते. आता काही मुले अशी असतात की त्यांच्याबद्दल 'ऐकत नाही' हे शब्द उच्चारले म्हणजे या तीन अर्थांपैकी कोणता घ्यावा, हे आईला कळत नाही, बापाला कळत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरलाही कळत नाही. मूल हाकेला वळून पाहत नाही; बोलण्याचे वय उलटले तरी बोलत नाही; आणि तेच मूल कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून कोपऱ्यात जाऊन बसते. याला काय म्हणावे? बहिरे म्हणावे, तर शिट्टीने ते कासावीस होते. ऐकू येते म्हणावे, तर हाकेला ओ नाही.

अशा मुलांसाठी, विशेषतः ज्यांना आज आपण स्वमग्न म्हणतो त्यांच्यासाठी, ध्वनी ऐकवून उपचार करण्याची एक पद्धत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत निघाली आणि देशोदेशी पसरली. मुलाच्या कानांवर हेडफोन लावावयाचे, त्यांतून विशिष्ट रीतीने बदललेले संगीत ठरावीक तास ऐकवावयाचे, आणि त्यायोगे त्याचे लक्ष, बोलणे व वागणे सुधारेल अशी अपेक्षा करावयाची, असे तिचे थोडक्यात स्वरूप. या पद्धतीविषयी बोलण्याचे आम्हांस एक खाजगी कारण आहे, आणि ते आधीच सांगून टाकणे बरे.

आम्ही लहान मुलांचे डॉक्टर. काही वर्षांपूर्वी एक जोडपे चार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बोलत नव्हता, नजरेला नजर देत नव्हता, आणि मिक्सर सुरू झाला की कान झाकून किंचाळत असे. एका मोठ्या शहरात हेडफोन लावून दहा दिवसांचा उपचार करतात, असे त्या बाईंनी कोणाकडून तरी ऐकले होते. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, नेऊ का?" बाहेर रांग लागली होती. आम्ही म्हणालो, "करून पाहा, ताई. अपाय तर काही नाही." अवघी दोन वाक्ये! त्यांवर विसंबून ते कुटुंब त्या शहरी लॉजमध्ये राहिले, एकदा नव्हे दोनदा. बाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. वर्षाने ती मंडळी परत आली, तेव्हा आम्ही जे पहिल्या दिवशी करावयास हवे होते ते केले; मुलाला कानाच्या तपासणीस पाठविले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेले निघाले. मिक्सरसारखा मोठा आवाज त्याला पोचत होता, पण आईचे हळू बोलणे अर्धेमुर्धेच पोचत होते. मिक्सरला कान झाकतो, अर्थी कान ठीक आहेत, असे आम्ही गृहीत धरले होते. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर वर्ष वाचलं असतं." त्या वर्षाची भरपाई आमच्याजवळ नाही. निदान दुसऱ्या कोणाचे वर्ष तरी वाचावे, म्हणून आजचे हे व्याख्यान.

या कथेचे मूळ थोडे मागे आहे. इ. स. १८०० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील सें-सेर्नँ या गावी रानातून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला. त्याला बोलता येत नव्हते. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणले आणि झाँ इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकविण्याचे काम अंगावर घेतले. इतार यांनी १८०१ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतात एक विलक्षण नोंद आहे. या मुलाजवळ पिस्तुलाचा बार काढला तरी तो ढिम्म राही. आणि कोणी हलकेच अक्रोड फोडला की तात्काळ वळून पाही. अक्रोड त्याचे आवडते खाणे होते. ऐकू येणे आणि ऐकणे यांतील अंतर इतक्या थोडक्यात दाखविणारा दुसरा प्रसंग आमच्या वाचनात नाही. त्याचा कान शाबूत होता. पिस्तुलाला त्याच्या जगात अर्थ नव्हता, अक्रोडाला होता.

इतार यांनी मग त्या मुलाच्या कानाला वळण लावण्याचा उद्योग मांडला. डोळ्यांवर पट्टी बांधून घंटा आणि ढोल यांचे आवाज ओळखावयास शिकविले; पुढे स्वरांकडे वळले. एकेका स्वराला एकेक बोट वर करावयाचे, असा तो खेळ. मुलगा या खेळात इतका रंगला की खिदळू लागला, आणि चुका होऊ लागल्या. शिस्त लावावी म्हणून गुरूंनी त्याच्या बोटांवर हलकेच मारले. झाले! आनंद गेला, भीती आली, आणि तो धडा तेथेच बंद पडला. इतार यांनी ही हकीगत लपविली नाही, हा त्यांचा मोठेपणा. व्हिक्टर नावाचा तो मुलगा अखेरपर्यंत बोलू लागला नाही. गेरँ नावाच्या बाईंनी त्याला मायेने सांभाळले, आणि १८२८ मध्ये तो वारला. परंतु इतार यांचे श्रम वाया गेले नाहीत. पुढे मारिया माँटेसरी यांनी त्यांचे लिखाण बारकाईने अभ्यासिले. आपल्याकडच्या बालवाड्यांतून खडे-धान्य भरलेल्या डब्या हलवून सारखा आवाज जुळविण्याचा जो खेळ दिसतो, तो माँटेसरी पद्धतीतला. या बाई १९३९ पासून १९४६ पर्यंत हिंदुस्थानात होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

आता हेडफोनच्या उपचाराकडे येऊ. त्याचे जनक आल्फ्रेड तोमातिस हेही फ्रेंचच; १९२० मध्ये जन्मलेले कान-नाक-घशाचे डॉक्टर. वडील ऑपेरातील गायक. गळा बिघडलेले गायक त्यांच्याकडे येत, आणि विमानांच्या कारखान्यात काम करून कान बिघडलेले कामगारही येत. दोघांचे कान तपासता तपासता त्यांच्या मनाने घेतले की, गळ्यातून तेच निघते जे कानाला ऐकू येते. तेव्हा गळा सुधारावयाचा तर आधी कान सुधारावा. यात तथ्याचा अंश आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला बोलणे आपोआप येत नाही, हे कोण नाकारील? तोमातिस मात्र तेथे थांबले नाहीत. संगीतातील उंच आणि खालचे स्वर आलटून पालटून पुढे करणारे एक यंत्र त्यांनी बनविले आणि त्याला 'इलेक्ट्रॉनिक कान' असे नाव दिले. मोझार्टचे संगीत, ख्रिस्ती मठांतील जुने गायन आणि खुद्द आईचा आवाज, असे सारे या यंत्रातून गाळून मुलांना ऐकविले जाई. गर्भात आईचा आवाज जसा ऐकू येत होता तसा तो पुन्हा ऐकविला, म्हणजे ऐकण्याची इच्छाच नव्याने जन्माला येईल, ही त्यामागची कल्पना.

कल्पना मोठी मनोहर आहे. आईच्या आवाजाचा भाग तर निराधारही नाही. अमेरिकेत १९८० मध्ये द कॅस्पर आणि फायफर या दोघांनी तीन दिवसांच्या आतील दहा तान्ह्या मुलांवर प्रयोग केला. मूल चोखणीवर एका लयीने चोखले तर आईचा आवाज ऐकू येई, निराळ्या लयीने चोखले तर परक्या बाईचा. मुलांनी आईचा आवाज येईल अशी लय धरली! पण येथेच एक अडचण आहे. तोमातिस यांच्या यंत्रातून आईच्या आवाजातील उंच लहरी राखून खालच्या गाळल्या जात. प्रत्यक्षात गर्भापर्यंत पोचतात त्या मुख्यतः खालच्या लहरी. उंच लहरी आईच्या शरीरात विरतात. शेजारच्या बिऱ्हाडातले गाणे भिंतीपलीकडून ऐकताना शब्द लागत नाहीत पण ठेका लागतो, तसाच हा प्रकार. पायाच उलटा घातला गेला होता.

तोमातिस यांच्या मार्गाने आरंभ करून गी बेरार या आनसी गावच्या डॉक्टरांनी आपली निराळी शाखा काढली. काही मुलांचे कान ठरावीक लहरींना फाजील तीक्ष्ण असतात, आणि त्यामुळेच त्यांचे वागणे बिघडते, असे त्यांचे मत. म्हणून त्या लहरी गाळलेले संगीत रोज दोनदा अर्धा अर्धा तास, दहा दिवस, म्हणजे एकूण दहा तास ऐकवावयाचे. अमेरिकेतील अ‍ॅनाबेल स्टेली या आईने आपल्या मुलीला बेरार यांच्याकडे नेले, आणि मुलगी सुधारली म्हणून १९९१ मध्ये पुस्तक लिहिले. ते पुस्तक गाजले आणि ही पद्धत अटलांटिकपार पसरली. एका आईचा अनुभव दुसऱ्या आईला हजार डॉक्टरांपेक्षा खरा वाटतो, आणि त्यात तिचे काही चुकते असेही नाही. पण 'उपचारानंतर सुधारले' आणि 'उपचारामुळे सुधारले' यांत अंतर आहे. वर्षभरात मूल वाढते. घरच्यांचे लक्ष त्याच्याकडे अधिक वळते. आणि ज्यासाठी एवढा खर्च केला, ते घडते आहे असे डोळ्यांना दिसूही लागते. हे सारे वगळून खरा परिणाम कसा ओळखावा? त्याला एकच मार्ग आहे. काही मुलांना खरा उपचार द्यावा, काहींना तसाच दिसणारा पण पोकळ द्यावा, आणि कोणाला काय दिले ते मोजणाऱ्यास कळू देऊ नये.

असे प्रयोग झाले आहेत. ऑस्ट्रेलियात ८० मुलांवर झालेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना गाळलेले संगीत दिले, निम्म्यांना तेच संगीत न गाळता दिले. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले! मग गाळण्याच्या यंत्राचे श्रेय कोठे राहिले? इंग्लंडमध्ये १६ स्वमग्न मुलांवर झालेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. तेथे प्रत्येक मुलाला आळीपाळीने दोन्ही प्रकार दिले: एकदा खरा उपचार, एकदा मुके हेडफोन. आपल्या मुलाला खरा उपचार केव्हा मिळाला, हे निम्म्याहून अधिक आईबापांना ओळखता आले नाही. इतकेच नव्हे, तर चंचलपणाला आईबापांनी दिलेले गुण आणि कान झाकण्याचे प्रत्यक्ष निरीक्षण, या दोन्हींत मुक्या हेडफोनच्या वेळचा निकाल अधिक चांगला भरला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९८ मध्येच सांगितले होते की, संशोधनाबाहेर हा उपचार वापरण्यास आधार नाही. २०११ मध्ये तोवरच्या सात चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सहा बेरार यांच्या पद्धतीच्या, एक तोमातिस यांच्या पद्धतीची. मिळून १८२ माणसे, वये ३ ते ३९. उपचार गुणकारी असल्याचा पुरावा त्यांतून निघाला नाही.

कोणी विचारील, मग संगीताचा काहीच उपयोग नाही काय? येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. हेडफोनमधून कानात ओतलेले संगीत निराळे, आणि मुलासमोर बसून त्याच्याबरोबर वाजविलेले संगीत निराळे. दुसऱ्या प्रकारात मुलाने डफावर थाप मारली की समोरचा माणूस तिला उत्तर देतो. मुलाने थांबले की तोही थांबतो. या पद्धतीचीही परीक्षा झाली आहे, आणि निकाल सरळ एकतर्फी नाही. नऊ देशांतील ३६४ मुलांवरील मोठ्या प्रयोगात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, पाच महिन्यांनंतर स्वमग्नतेची तीव्रता मोजली तेव्हा फरक आढळला नाही. उलट २०२२ मध्ये २६ अभ्यास आणि १,१६५ व्यक्ती एकत्र घेऊन पाहिले, तेव्हा एकंदर सुधारणा होण्याचा संभव वाढतो असे दिसले. तेव्हा चमत्काराची भाषा येथेही नको. पण आपल्या घरातले मूल गाण्यात रमत असेल, तर त्याच्याबरोबर अवश्य गावे.

आता आमच्या त्या दोन वाक्यांतील दुसऱ्याचा समाचार घेऊ. 'अपाय तर काही नाही.' अपाय असतो, श्रोतेहो. यंत्राचा आवाज फार मोठा असेल तर कोवळ्या कानाला इजा होऊ शकते, हा एक. घरचा पैसा जातो, हा दुसरा. आणि सगळ्यांत मोठा तिसरा: वेळ जातो. मुलाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतला एक महिना आणि आपल्या चाळिशीतला एक महिना, यांचे मोल एक नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट: मूल बोलत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर कोणत्याही उपचाराआधी त्याचे कान तपासून घ्या. टाळी वाजवून किंवा थाळी बडवून घरी केलेली परीक्षा खरी नव्हे. आमच्या मिक्सरची गोष्ट आपण ऐकलीच. मूल उत्तर देऊ शकत नसले तरी अडत नाही. ते झोपले असता डोक्यावर तारा चिकटवून करावयाची बेरा नावाची चाचणी आहे. पडद्यामागे पाणी आहे किंवा कसे, हेही मिनिटा-दोन मिनिटांत कळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून अशा मुलांसाठी केंद्रे काढण्याची योजना आहे. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन चौकशी करावी. लाजू नये, आणि 'याचे वडीलही उशिराच बोलले होते' या आजीबाईंच्या दिलाशावर थांबूही नये.

दुसरी गोष्ट आवाजांच्या त्रासाची. हा त्रास खरा आहे. ते ढोंग नव्हे, हट्टही नव्हे. मिक्सर लावण्याआधी मुलाला सांगावे, दाखवावे. मिरवणुकीच्या ढोल-ताशांत त्याला 'सवय व्हावी' म्हणून ओढून नेऊ नये. न्यावेच लागले तर कान झाकण्याची सोय बरोबर ठेवावी. लग्नघरात त्याच्यासाठी एक शांत खोली राखून ठेवणे, हे यजमानाला अवघड नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, आणि ती आपल्या जवळच घडलेली आहे. गोव्यात आणि सरहद्दीपलीकडे रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र नव्हते, मोठे तज्ज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेले साधे आरोग्यसेवक होते. आई किंवा बाप मुलाशी खेळत असता त्याचे चित्रण करावयाचे, आणि मग दोघांनी बसून ते पुन्हा पाहावयाचे. येथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, येथे त्याने एक हुंकार दिला, आणि तुम्ही तेव्हा दुसरेच काही बोलत होता, अशा रीतीने. मुलाच्या लहानशा हालचालीला आणि आवाजाला नेमके उत्तर द्यावयास आईबाप शिकले. आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली, ते प्रमाण वाढले. सर्वच मोजमापे चढली असे नाही. दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर लागून राहण्याचा काळ उलट थोडा कमी भरला. ही छोटी सुरुवात आहे, हे सांगितले पाहिजे. पण तिची दिशा पाहा. इतके दिवस मुलाच्या कानाला शिकविण्याची खटपट चालली होती. येथे मोठ्या माणसाचा कान तयार केला जात होता.

हे घरी करावयास परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. रोज थोडा वेळ टीव्ही आणि मोबाइल बंद करावा. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसावे. लहान वाक्ये बोलावीत, आणि बोलून झाल्यावर थांबावे. हे थांबणे फार कठीण आहे. आपण मोठी माणसे पोकळी दिसली की शब्दांनी भरून टाकतो. ओळखीचे बडबडगीत म्हणावे आणि शेवटचा शब्द गिळावा. तो मुलाने पुरा करावा म्हणून वाट पाहावी. शब्द नाही आला, पण ओठ हलले, नजर वर आली, तर तेच उत्तर समजून आनंदाने स्वीकारावे. व्हिक्टरच्या बोटांवर बसलेला तो हलकासा मारही आठवावा. भीतीने ऐकणे शिकता येत नाही. आणि या जोडीला वाचा-उपचार करणाऱ्या जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, शाळा सोडू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. कानातील पाण्यावर उपचार झाले. ऐकू येणे सुधारले. स्वमग्नता गेली नाही. ती पाण्यामुळे नव्हतीच. तो अजून थोडेच बोलतो. त्याच्या आईने मात्र वर सांगितलेल्या रीतीने त्याच्यासमोर बसणे कधी चुकविले नाही. मागल्या खेपेस ते आले तेव्हा बाहेर नेहमीप्रमाणे रांग होती. मुलगा टेबलावरच्या आमच्या घड्याळाकडे बोट दाखवून 'टिक' म्हणाला आणि थांबला. आम्ही लिहीत होतो. आईने हळूच आमच्याकडे पाहिले. मग आमच्या लक्षात आले की तो उत्तराची वाट पाहतो आहे. आम्ही लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो, 'टिक.'